तिरंदाज ढालीआडून हलत नाही आणि मरतही नाही: पॅव्हीसचा नेहमीचा घोळ

आमच्या टेबलावर हा घोळ तीनदा झाला. तीन कॅम्पेन (अनेक बैठका चालणाऱ्या खेळातल्या कथा), तीन वेगळे खेळाडू, दृश्य मात्र तेच. कुणीतरी एखाद्या पडक्या शस्त्रागारात माणसाच्या छातीएवढी उंच ढाल, म्हणजे पॅव्हीस, बघतं, "ही मी घेते" म्हणतं आणि पुढच्या लढाईत ती जमिनीवर टेकवून तिच्यामागे ठाण मांडून बसतं. पहिल्या दोन वेळा मी खेळाडूवर चिडलो. तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला: माणसं बदलली तरी घोळ तोच राहतो, म्हणजे खोट माझ्या नियमात असणार.

मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती डीएम म्हणून, म्हणजे कथा आणि शत्रू सांभाळणारा म्हणून, चालवतो, २०१४ च्या नियमांनी. खालचे आकडे तिथलेच आहेत. कव्हरला आम्ही टेबलावर सरळ आडोसा म्हणतो: अर्धा, पाऊण आणि पूर्ण. अर्ध्याला एसीमध्ये (हल्ला लागायला फाशांनी गाठायचा आकडा) +२, पाऊणला +५, आणि पूर्ण आडोशामागच्या माणसावर थेट नेम धरताच येत नाही. "पाऊण" हा शब्द तर या नियमासाठीच घडवल्यासारखा बसतो.

लक्षणं

दुखणं दोन तऱ्हांनी दिसतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली तऱ्हा: रेंजर, म्हणजे आमचं तिरंदाज पात्र, ढालीमागून नकाशावरचं एक घर बाजूला सरकते, बाण सोडते, पुन्हा एक घर आत येते. पाचव्या आवृत्तीत चाल तोडून वापरता येते, त्यामुळे हे सगळं नियमात बसतं. शत्रूची पाळी येते तेव्हा ती पूर्ण आडोशात असते. चार राउंडनंतर सगळे गॉब्लिन मेलेले, रेंजरला ओरखडाही नाही, आणि पुढे उभा असलेला फायटर (समोरासमोर लढणारं पात्र) एकटा मार खाऊन वैतागलेला.

दुसरी तऱ्हा: पहिलीला वैतागून डीएम कडक होतो. ढाल उभी करायला एक ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती), उचलायला एक ॲक्शन, घेऊन चालायला निम्मा वेग, वर वजन. हिशोब केल्यावर कुणीच ती वापरत नाही. ढाल खेचरावर लादलेली राहते आणि तीन सेशननंतर खेचरासकट विसरली जाते.

मी एका कॅम्पेनमध्ये या दोन टोकांमध्ये पाच वेळा झोके घेतले. तुमचंही तसंच चाललं असेल, तर पुढे वाचा.

आधी बेरीज तपासा

निम्म्या वेळा दुखणं इथेच सापडतं. खेळाडूच्या शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, "ढाल +२" लिहिलेलं असतं आणि लढाईत ती "पाऊण आडोसा +५" वेगळा मागते. वस्तू एक, फायदे दोन. आडोशाचे दोन प्रकार एकमेकांत मिळवायचे नसतात, सगळ्यात मोठा तेवढाच धरायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ढालीचा बोनस आणि आडोशाचा बोनस या नियमात वेगवेगळ्या खात्यांत बसतात, म्हणून नजर चुकते.

किती फरक पडतो ते बघा. खिळे मारलेलं चामड्याचं चिलखत १२ आणि चपळाईचे ४ मिळून रेंजरचा एसी १६. गॉब्लिनचा बाण +४ ने येतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवून एसी गाठायचा, तर त्याला फाशावर १२ किंवा जास्त लागतात: वीस बाणांत नऊ लागणार. पाऊण आडोसा दिला की एसी २१, वीसात चार. त्यावर ढालीचे +२ चढवले की २३, वीसात दोन. नऊचे चार होणं ही चांगल्या जागेची किंमत झाली. नऊचे दोन झाले की डीएमने फासे उगाच टाकायचे, इतकंच उरतं.

शिवाय लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, दोन हातांचं हत्यार आहे. बाण सोडताना ढाल हातात नसतेच, तर तिचे +२ कुठून येणार? शीटवरची ती ओळ खोडा. एवढ्यानेच भागलं तर बाकीचं वाचायची गरज नाही. आमचं भागलं नाही.

खरं कारण: ढालीचं कामच नियमांनी काढून घेतलंय

ज्या ढालीवरून हे सगळं येतं ती पॅव्हीस, मध्ययुगीन युरोपातली. लाकडी फळ्या, वरून चामडं किंवा कापड चिकटवलेलं, त्यावर लेप देऊन चित्रं रंगवलेली. मधोमध वरपासून खालपर्यंत एक फुगीर पन्हळ, त्यामुळे ती मजबूत होते आणि मागे टेकूची काठी बसायला खाच मिळते. ती प्रामुख्याने क्रॉसबोवाल्याची (चाप दाबून सुटणाऱ्या आडव्या धनुष्यवाल्याची) सोबतीण. धनुर्धाऱ्यांपेक्षा क्रॉसबोवाल्यांनाच ती का लागली, हे कळल्यावर माझ्या डोक्यातला गुंता सुटला.

सराईत धनुर्धारी मिनिटाला दहाएक बाण सोडू शकतो. खेळातला राउंड सहा सेकंदांचा, मिनिटाला दहा राउंड. म्हणजे राउंडला एक बाण, हिशोब चोख बसतो. पण गरारी फिरवून ताणायचा भारी क्रॉसबो मिनिटाला फार तर एकदोनदा सुटतो. म्हणजे पाच ते दहा राउंडांत एक बाण! मधला सगळा वेळ तो माणूस वाकलेला, एक पाय क्रॉसबोच्या रिकिबीत, दोन्ही हात गुंतलेले, डोकं खाली. त्या वेळात त्याला कुणीतरी, किंवा काहीतरी, झाकायला हवं. पॅव्हीस हे त्या रिकाम्या अर्ध्या मिनिटाचं औषध होतं.

आणि पाचव्या आवृत्तीत ते अर्धं मिनिटच नाही. हेवी क्रॉसबो दर पाळीला सुटतो. "लोडिंग" म्हणून जो गुण आहे तो एका ॲक्शनमध्ये एकच बाण एवढीच अट घालतो, आणि एका फीटने, म्हणजे पात्राने निवडलेल्या खास कौशल्याने, तीही उडते. बाण भरायला वेळ लागत नाही तिथे ढालीला काम उरत नाही. मग ती वस्तू फक्त एसी वाढवण्याचं यंत्र होऊन बसते, आणि खेळाडू तिचा तसाच वापर करतात. त्यांचं काय चुकलं?

ढाल नसली तर काय होतं, याचा इतिहासातला ठळक दाखला फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईचा. २६ ऑगस्ट १३४६. फ्रेंच सैन्यातले जिनोव्हाचे भाडोत्री क्रॉसबोवाले दिवसभर चालून संध्याकाळी थेट लढाईत ढकलले गेले. त्यांच्या पॅव्हीस मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. समोर इंग्रजांचे लाँगबो. एक बाण भरेपर्यंत समोरून कितीतरी येणार, आणि आडोसा नाही. ते मागे फिरले तर त्यांच्याच बाजूच्या घोडेस्वारांनी त्यांना तुडवलं. आमच्या खेचरावर विसरलेल्या ढालीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

उपाय १: काम परत द्या

गरारीच्या क्रॉसबोसाठी मी वेगळी ओळ केली. सोडायला एक ॲक्शन, भरायला पूर्ण एक ॲक्शन, भरताना चालता येत नाही. नुकसान ३डी१० (दहा बाजूंचे तीन फासे) अधिक चपळाई.

हिशोब असा: नेहमीचा हेवी क्रॉसबो दोन राउंडांत दोनदा सुटतो, १डी१० ची सरासरी साडेपाच, त्यात चपळाईचे ४, म्हणजे साडेनऊ, दोनदा १९. माझ्यावाला दोन राउंडांत एकदाच सुटतो: साडेसोळा अधिक ४, साडेवीस. जवळपास तेवढंच. आधी मी २डी१० ठेवून पाहिलं होतं, ते १५ वर अडकतं आणि मग कुणी हात लावत नाही. क्रिटिकलला, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट होतात तेव्हा, हा जरा जास्त उसळतो, तेवढं चालवून घ्या. ज्यांना एका ॲक्शनमध्ये दोन हल्ले मिळतात त्यांना मात्र यात तोटा आहे, आणि तो असू द्यावा. क्रॉसबो हे शिकाऊ माणसाच्या हातात पटकन देता येणारं हत्यार, सराईताने धनुष्य वापरावं.

आता ढालीला लय मिळते. भरण्याच्या राउंडमध्ये खाली बसायचं, पूर्ण आडोसा. सोडण्याच्या राउंडमध्ये ढालीवरून डोकं आणि खांदे वर काढायचे, पाऊण आडोसा, आणि तो पुढच्या पाळीपर्यंत तसाच राहतो. समोरच्यांनाही ही लय कळते, त्यांचा हुशार सरदार मोजायला लागतो, आणि टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं, "आत्ता पळ, तो भरतोय!"

उपाय २: डोकावून मारा करणं बंद करा

हा साध्या धनुष्यवाल्यांसाठी. आमचा नियम एका ओळीचा: या पाळीत त्या ढालीआडून हल्ला केला असेल, तर पुढच्या पाळीपर्यंत ती पाऊण आडोसाच देते. पूर्ण आडोसा हवा असेल तर हल्ला सोडा.

हे मी हवेतून काढलेलं नाही. डी अँड डीच्या साडेतिसऱ्या (३.५) आवृत्तीत आणि पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत टॉवर शील्डला (मोठ्या उंच ढालीला) हाच सौदा होता: हल्ले सोडा, पूर्ण आडोसा घ्या. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतही टॉवर शील्ड उचलल्यावर आडोसा घ्यायला आणखी एक ॲक्शन मोजावी लागते, तेव्हा +२ चे +४ होतात.

घरचा नियम नकोच असेल तर निदान शत्रूंना रेडी ॲक्शन वापरायला शिकवा. "ती बाहेर आली की सोडतो." बहुतेक डीएम हे विसरतात, मीही विसरायचो. त्यात एक मेख आहे: रेडी केलेला हल्ला रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी एकच कृती) खातो आणि जादा हल्ले मिळत नाहीत, त्यामुळे मोठ्या राक्षसाला ते परवडत नाही. दहा गॉब्लिनांना छान परवडतं.

उपाय ३: ढाल शीटवरून काढून नकाशावर ठेवा

बाकी सगळे उपाय एकीकडे आणि हा एकीकडे. पॅव्हीस ही अंगावरची वस्तू मानली की तिला दिशा राहत नाही. नकाशावर उभी केली की ती भिंत होते, आणि भिंतीला मागची बाजू असते.

आम्ही एक जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून घराच्या रेषेवर उभं करतो. ते सारखं पडायचं, म्हणून मागे काडेपेटीतल्या काडीचा टेकू लावला, आणि मग लक्षात आलं की आपण अस्सल पॅव्हीसच बनवली.

नियम इतकाच: कार्डाच्या समोरच्या तीन घरांतून जो पंखा पसरतो, तिथून येणाऱ्या बाणालाच आडोसा. बाजूने आलेल्याला नाही. गॉब्लिन पळत जाऊन सहा घरं ओलांडतो आणि बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) निसटतोही. त्याला ढालीच्या बगलेवर पोचायला दोन राउंड पुरतात. रेंजरला मग प्रश्न पडतो: ढाल वळवू की बाण सोडू? तो प्रश्न पडणं हेच मला हवं होतं. वळवायला आम्ही बोनस ॲक्शन ठेवली आहे. उभी करायला पूर्ण ॲक्शन, पण लढाईआधी जागा निवडायला वेळ मिळाला असेल तर फुकट. दुसऱ्या तऱ्हेचं लक्षण, म्हणजे ढाल खेचरावर कुजणं, या एका सवलतीने बरंचसं गेलं.

भिंत म्हटल्यावर ती मोडताही आली पाहिजे. पुस्तकात लाकडी वस्तूचा एसी १५, आणि माणसाएवढ्या भक्कम वस्तूचे हिट पॉइंट (किती नुकसान झेपतं तो आकडा) सरासरी १८. तेच घ्या. पण एक दुरुस्ती करा, बाणांनी ढाल मोडू देऊ नका. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात पर्यायी नियम आहे की आडोशामुळे हुकलेला बाण आडोशालाच लागतो. तो जसाच्या तसा वापरला तर गॉब्लिनच्या साडेपाच सरासरीच्या चार बाणांत १८ पॉइंटची ढाल फुटते. बाण रुतून बसण्यासाठीच तर ती बनवली होती! आम्ही फक्त कुऱ्हाड, सोटा, आग आणि मोठी यंत्रं मोजतो. रुतलेले बाण लढाईनंतर रेंजर काढून भात्यात भरते, त्यावर तिचा फार जीव.

शत्रूंना प्लाटिया शिकवा

ढालीच्या भिंतीला हरवायचं कसं, याचं उत्तर ख्रिस्तपूर्व ४७९ मध्ये मिळालेलं आहे. ग्रीसमधल्या प्लाटियाला पर्शियन सैनिकांनी वेताच्या उंच ढाली ओळीने उभ्या करून कूड घातला आणि त्यामागून ग्रीकांवर बाणांचा पाऊस पाडला. जोवर स्पार्टाचे लोक जागेवर थांबले होते तोवर ते मरत होते. ते धावून आल्यावर पहिली झटापट त्या कुडापाशीच झाली. कूड पडला आणि मागचे लोक चिलखताशिवाय उघडे पडले. त्याच वर्षी मिकालेच्या लढाईतही तेच: ढाली उभ्या होत्या तोवर पर्शियन टिकले.

यातून डीएमने घ्यायचं ते असं की दूरवर उभं राहून पॅव्हीसवर बाण मारत बसणारे शत्रू मूर्ख दिसतात. त्यांना अंतर काटू द्या. ढालीपाशी पोचलेला शत्रू एका ॲक्शनमध्ये ताकदीची चाचणी देऊन ती आडवी पाडू शकतो, आम्ही डीसी (चाचणीत गाठायचा आकडा) १३ ठेवली आहे. मागे कुणी धरून उभं असेल तर दोघांच्या ताकदीचा सामना.

धरणारा कोण?

इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. इतिहासात तिरंदाज आणि ढाल धरणारा ही बहुधा दोन माणसं असतात. अॅसिरियन शिल्पपटांत वेढ्याची दृश्यं बघा: माणसापेक्षा उंच वेताची ढाल एकाने धरलेली, तिचं वरचं टोक मागे वाकवलेलं, म्हणजे तटावरून येणारा बाणही अडावा, आणि तिच्याआड दुसरा धनुष्य ताणून उभा. इटलीतल्या शहरांच्या फौजांत क्रॉसबोवाल्यांसोबत ढाली वाहणाऱ्यांची वेगळी माणसं असत. इलियड या ग्रीक महाकाव्यात ट्यूकर आपल्या भावाच्या, एजॅक्सच्या, ढालीआडून बाण मारतो आणि पुन्हा तिच्यामागे जातो. म्हणजे डोकावून मारा करण्याची तक्रार बरीच जुनी आहे. पण तिथे एजॅक्सला काम असतं. आमच्या फायटरला नव्हतं.

म्हणून तिरंदाजाला ढाल विकण्यापेक्षा फायटरला द्या. नियमात मधे उभा असलेला कुठलाही प्राणी, मित्र असो की शत्रू, अर्धा आडोसा देतोच. आम्ही वर एवढंच जोडलं: फायटरने आपली ॲक्शन ढाल धरण्यात घातली, तर मागे लागून असलेल्या एकाला पाऊण आडोसा, आणि दोघं मिळून एकत्र चालू शकतात. रोवलेल्या पॅव्हीसला हे चालणं जमत नाही, म्हणून दोन्हींना आपापली जागा राहते.

फायटर तयार नसेल तर भाड्याने ढालाईत ठेवा. पुस्तकातला दर कुशल माणसाला दिवसाला दोन सोन्याची नाणी, साध्याला दोन चांदीची. आमच्यांनी अर्थातच साधा घेतला. साध्या माणसाचे हिट पॉइंट चार. पहिल्याच लढाईत त्याच्या बाजूने बाण आला, आणि जी मंडळी आजवर पॅव्हीसचे बोनस मोजत होती ती चार हिट पॉइंटच्या माणसासाठी हीलिंग स्पेल जपून ठेवायला लागली. आता ढाल रेंजरला नाही, त्याला झाकेल अशी उभी करतात. खेळ म्हणून हे मला कुठल्याही +५ पेक्षा आवडलं.

"पण मला चालता चालता ढाल आणि धनुष्य दोन्ही हवंय"

हा हट्ट प्रत्येक गटात एकजण करतोच. त्याला जपानी चिलखत दाखवा. तिथला घोडेस्वार योद्धा धनुर्धारी होता, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून ढालच खांद्यावर आली: ओ-योरोई चिलखताच्या दोन्ही खांद्यांवर लटकणारे मोठे चौकोनी पट्टे, ओ-सोदे. पायदळासाठी त्यांच्याकडे मागे पाय असलेल्या लाकडी फळ्याही होत्या, ताते, त्या ओळीने उभ्या करत. म्हणजे त्यांनीही दोन कामं दोन वस्तूंना वाटून दिली. खेळात आम्ही ओ-सोदेला +१ देतो, फक्त दुरून येणाऱ्या हल्ल्यांना, आणि तो आडोशात मिळवू देत नाही. जुन्या साडेतिसऱ्या आवृत्तीत मनगटाला बांधायची छोटी बकलर धनुष्याबरोबर चालायची; तेही सोपं उत्तर आहे.

किरकोळ

आग: वेताची ढाल पेटते, लेप दिलेली पॅव्हीस लगेच पेटत नाही. फायरबॉल हा जादूचा मंत्र २०१४ च्या नियमात कोपऱ्याभोवती वळतो, त्यामुळे ढालीमागे बसून सुटका नाही. सेक्रेड फ्लेम या मंत्राविरुद्ध आडोशाचा फायदा मिळतच नाही, हे क्लेरिक (पुजारी जादूगार) असलेल्या शत्रूंना लक्षात आणून द्या.

किल्ल्यात लढाई असेल तर पॅव्हीस बाजूलाच ठेवा. तटातल्या जंग्या (मारा करायची भोकं) आहेतच, आणि पुस्तकात बाणांच्या खाचेला पाऊण आडोसाच दिलाय. आपल्याकडच्या गडांवर जंग्यांची भोकं खाली उतरती असतात, ट्रेकला गेलात तर डोळा लावून बघा: समोरचं मैदान कमी आणि तटाच्या पायथ्याशी आलेला माणूस जास्त दिसतो. आम्ही ते नियमात घेतलं. उतरत्या जंगीतून पायथ्याशी मारा करता येतो, पण दोनशे फुटांपलीकडे दिसतच नाही.

एका पॅव्हीसमागे दोघं: पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला अर्धा. तिसऱ्याला काही नाही, आणि तिघांनी दाटी केली म्हणून फायरबॉलवाला खूश.

एक गोष्ट मात्र अजून नीट सुटलेली नाही: शार्पशूटर. हे फीट घेतलेला तिरंदाज अर्धा आणि पाऊण दोन्ही आडोसे धरतच नाही, म्हणजे वरची सगळी मेहनत एका ओळीत साफ. खेळाडूकडे ते असेल तर चालतं. शत्रूकडे दिलं की ढालाईत पहिल्याच बाणाला जातो. सध्या आमच्यात तोंडी करार आहे: रोवलेल्या पॅव्हीसपुढे शार्पशूटरला पाऊण आडोसा अर्धा होतो, शून्य होत नाही, आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू. आमच्या रेंजरला तो मान्य नाही. तिने परवाच ते फीट घेतलंय.